पुढचे ब्रेक

३ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र परवाच्या बोटीनं मिळालं. तुमच्या हवामान केंद्राच्या वायरलेसवर वाऱ्याला आणि ढगांना बोलायची मुभा आहे आणि सख्ख्या बहिणीला नाही, हे मला अजून पटलेलं नाही. असो, बेटावर माणूस गेला की पत्रच लिहायचं.

इथली मोठी बातमी म्हणजे आमच्या पशुवैद्यकीय खात्याची जीप शेवटी गेली. वरच्या गावातून तपासणी करून निघाले, तर इंजिनानं एकदा खाकरल्यासारखं केलं आणि मान टाकली. ओढून आणायलाच अर्धा दिवस गेला. नवीन जीप मागितली, तर खात्याकडून ‘विचाराधीन’ असं उत्तर आलं. आमच्या खात्यात विचाराधीन म्हणजे काय ते तुला माहीत आहे. तेव्हा मी तुझी गाडी बाहेर काढली. आधी विचारायला हवं होतं, पण तुझं उत्तर येईपर्यंत गाय व्यायची थांबत नाही.

गाडी सुरू झाली ती पहिल्या झटक्यात. वरच्या गावांतले लोक लांबूनच आवाज ओळखतात. दोन दारांची, जमिनीला टेकलेली तांबडी गाडी आणि आतून गमबूट घातलेली जनावरांची डॉक्टर उतरते, हे बघायला मुद्दाम दारात येतात. एकदा मागच्या सीटवर आजारी वासरू बसवून आणावं लागलं. सीट धुतली आहे. वास जाईल.

एक विचारायचं होतं. घाट उतरताना ब्रेक जरा मऊ लागतात. पुढचे ब्रेक थोडे दमदार करून घ्यायचे तर काय करावं लागेल, आणि माझ्या पगारात बसेल असं काही आहे का? घाई नाही, सवडीनं कळव.

आईचं उजवं मनगट मोडलंय. जरा पडली. प्लास्टर घातलं आहे, काळजीचं कारण नाही.

तुझी
चिंगी


२१ सप्टेंबर

चिंगे,

तुझं पत्र वाचलं आणि आधी बाहेर जाऊन केंद्राला एक चक्कर मारून आलो. मग पुन्हा वाचलं.

ब्रेक मऊ लागतात म्हणजे काय? मऊ उशी असते. ब्रेक धरतो किंवा धरत नाही. पेडल किती खाली जातं, एकदा दाबल्यावर की सारखं दाबल्यावर, घाटाच्या वरच्या अंगाला की खाली आल्यावर, हे लिहायला हवं होतंस. तू गायीचं पोट दुखतंय एवढंच ऐकून औषध देतेस का?

तरी अंदाजानं सांगतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पीत राहतं. मी निघालो तेव्हाच ते जुनं झालं होतं. लांब उतारावर पाय पेडलवर ठेवून दिला की चाकातली डिस्क तापते, तिच्याबरोबर तेल तापतं आणि त्यातल्या पाण्याची वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल खाली जातं आणि गाडी पुढे. शिवाय त्या गाडीचे पुढचे ब्रेक मुळातच तोकडे. कंपनीनं पळण्यावर हात सैल सोडला आणि थांबण्यावर काटकसर केली.

आणि तू ती पळवतेस, हे मी इथं बसून सांगू शकतो. टर्बोची शीळ ऐकली की भलेभले वेडे होतात. ती घाटात ओझी वाहायची गाडी नाही.

माझं ऐक, विकून टाक. बंदरावरच्या कचेरीतला कारकून कधीपासून मागे लागलाय. त्याला नुसता निरोप दिलास तरी तो पळत येईल. आलेल्या पैशात एखादी साधी, उंच, मुकाट चालणारी गाडी घे.

आई कुठे पडली? घरात, पायरीवर, रस्त्यात? तुझ्या पत्रात ‘जरा’ हा शब्द दोनदा आहे. एकदा ब्रेकसाठी आणि एकदा आईसाठी. दोन्ही ‘जरा’ मला आवडले नाहीत.

दादा


४ ऑक्टोबर

दादा,

तू वेगाचा संशय घेशील म्हणून लिहिलं नव्हतं, आणि तू तोच घेतलास. तेव्हा आता सगळं लिहिते.

आई त्या दिवशी माझ्याबरोबर वर आली होती, तिच्या मैत्रिणीला भेटायला. संध्याकाळी उतरताना पुढे लाकडं भरलेला ट्रॅक्टर होता. अर्धा घाट मी त्याच्यामागे चालण्याच्या वेगानं आले, सारखा पाय ब्रेकवर. तो वळून गेला, रस्ता मोकळा झाला आणि जळक्या चिंधीसारखा वास आला. पाण्याच्या टाकीच्या वरच्या वळणावर पेडल दाबलं ते थेट तळाला गेलं. पायाखाली काही नव्हतंच. मी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला. वळण घेतलं, पण पुढचं मिळणार नाही हे दिसत होतं. उजव्या हाताला एकानं वाळलेल्या चाऱ्याची गंजी रचली होती. मी गाडी सरळ तिच्यात घातली.

गाडीचा एक दिवा फुटला, बॉनेटला पोचा आला. आईनं पुढे हात टेकला होता, त्यात मनगट मोडलं. चारा दोघींच्या डोक्यावर. तिनं आधी मला लागलं का विचारलं, मग चाऱ्याच्या मालकाची माफी मागितली. घरी आल्यावर म्हणाली, “मी त्या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही. तुला ठेवायचा असेल तर मला सांगून जाऊ नकोस.” तेव्हापासून हात गळ्यात अडकवून बसनं दवाखान्यात जाते. मी सोडते म्हटलं तर ऐकूच न आल्यासारखं करते.

मी गाडी बंद केली. पुढच्याच आठवड्यात सर्वांत वरच्या गावातून निरोप आला, वासरू आडवं आलंय. बस दुपारची. मी पायी निघाले. पोचले तेव्हा गायीचे डोळे थिजले होते. घरातली बाई मला काही बोलली नाही, पाणी दिलं, बसायला दिलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून विकणार नाही. विकून जी साधी उंच गाडी येईल, तिचे ब्रेक कुणी कसे ठेवले असतील हे मला ठाऊक नसेल. हिचं इंजिन तू स्वतः बांधलंस, ते मला ठाऊक आहे. मला ही गाडी चढावर नेते. आता तिला उतारावर थांबवायचं आहे, एवढंच उरलंय.

शहरात शर्यतीच्या सामानाचं दुकान आहे, तिथे गेले. काचेच्या कपाटात डिस्कला चिमट्यासारखे धरणारे पिवळेधमक कॅलिपर मांडले होते, सोनाराकडे मांडतात तसे. किंमत मी दोनदा विचारली. तेवढ्यात दुसरी गाडी येते, ब्रेकसकट. दुकानदार म्हणाला, सुरक्षेची किंमत करू नये बाई. मी म्हटलं, ती तुम्हीच केली आहे.

तेव्हा स्वस्तातला आणि खात्रीचा मार्ग सांग. सल्ला नको, तुझी अक्कल पाठव.

चिंगी


२३ ऑक्टोबर

चिंगे,

तू वेगात नव्हतीस. मी उगाच बोललो. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून गंजी निवडलीस, यापेक्षा मला काही सुचलं असतं असं वाटत नाही. आईला मी वेगळं लिहिलं आहे, तिला वाचून दाखव.

मला अजूनही वाटतं की गाडी विकावी. त्याला कारण आहे, ते तुझ्या चालवण्याचं नाही आणि या पत्रात लिहिण्यासारखंही नाही. पण तू ऐकणार नाहीस हे दिसतंच आहे, तेव्हा निदान काम नीट होऊ दे.

काचेच्या कपाटातलं विसर. आपल्या गाडीच्या कंपनीनंच त्या काळात एक लांबलचक वॅगन काढली होती, मागे सामान, वर सामान, अशी. तिचं वजन जास्त, म्हणून तिला पुढचे ब्रेक मोठे दिले. डिस्क रुंद आणि मधून पोकळ, दोन पत्र्यांच्या मधून हवा खेळते, म्हणून लवकर निवते. कॅलिपरही मोठे. आणि पुढच्या चाकामागचा सांधा दोन्ही गाड्यांना एकच आहे, बोल्टची भोकं जुळतात. मी पूर्वीच मोजून पाहिलं होतं, करायचं राहून गेलं. ती वॅगन आता रस्त्यावर दिसत नाही, पण भंगारात नक्की मिळेल.

भंगारातून कॅलिपर आणि त्याचे धरणारे कंस घे. डिस्क मात्र नव्याच घे, कुणी वापरून झिजवलेल्या नकोत. डिस्कवर दाबणारे पॅड नवे, कॅलिपरच्या आतली रबरं नवी, रबरी होज पाइप नवे. तेल जास्त उष्णता सोसणारं घे, डबा सीलबंद बघून. एवढं सगळं त्या दुकानातल्या एका पिवळ्या कॅलिपरपेक्षा स्वस्तात होईल.

विकत घेण्याआधी जाड पुठ्ठा घे. वॅगनच्या डिस्कवर कॅलिपर बसवलेला असेल तिथं पुठ्ठा धरून त्याचा बाह्याकार काप, आणि तो आपल्या चाकाच्या आत फिरवून बघ. कुठे घासला तर चाक बसणार नाही, आणि ते सामान आणून जोडल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आणि पेडल पूर्वीपेक्षा थोडं जास्त खाली जाईल. पिस्टन मोठा, त्याला तेल जास्त लागतं. घाबरू नकोस.

ओळी तिरक्या गेल्या असतील. इथलं टेबल डुगडुगतं.

दादा


१२ नोव्हेंबर

दादा,

काम झालं. पण ते कसं झालं हे तुला ऐकावं लागेल, आणि त्यानंतर तुला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल.

वॅगन नदीपलीकडच्या भंगारात सापडली. ते भंगार एका बाईंचं आहे, चष्मा दोरीनं गळ्यात, हातात कायम चहाचा कप. वॅगनच्या छपरातून झाड उगवलं होतं. मी पुठ्ठा आणि कात्री घेऊन चाकाशी बसले, तेव्हा बाई माझ्या मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “शिवणकाम करता का?” मी म्हटलं, गुरांचं करते. त्यांनी आणखी एक कप मागवला.

पुठ्ठा आपल्या चाकात फिरवला तर एकाच जागी अडत होता. चाकाच्या आतल्या अंगाला तोल साधायचं शिशाचं वजन चिकटवलेलं होतं, त्याला लागत होता. ते वजन काढून कडेला लावून घेतलं. बाकी बोटभर मोकळं.

बसवायला वंगण्याकडे दिलं. तोंडावर त्याला सगळे मिस्त्री म्हणतात, पण गावभर तो वंगण्याच. माणूस चांगला, हात साफ, कॅलिपर उघडून आतली रबरं बदलताना मी शेजारी उभी होते, एक कण धूळ जाऊ दिली नाही त्यानं. सगळं जोडलं, तेल भरलं, हवा काढली. मी आत बसून पेडल दाबलं, तर ओल्या स्पंजवर पाय द्यावा तसं. पुन्हा हवा काढली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काढली, अख्खा डबा तेल संपलं. वंगण्या म्हणाला, मोठा पिस्टन आहे डॉक्टरीणबाई, पेडल खाली जाणारच. मला तुझी ओळ आठवली. तूही तेच लिहिलं होतंस. दोन जाणती माणसं एकच सांगत होती, तरी मला ते गिळवेना. पेडल खाली जाणं वेगळं आणि लुसलुशीत लागणं वेगळं. खाली जाऊनही त्यानं कुठेतरी टणक व्हायला हवं होतं. त्याला म्हटलं, मी ही गाडी अशी घेऊन जाणार नाही. तो नाराज झाला. म्हणाला, मग पेडलमागचा तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर बदला. तो खर्च माझ्या आवाक्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या गोठ्यात लसी टोचत होते. सिरिंज भरली, सुई वर केली, टिचकी मारली, बुडबुडा वर आला, दाबून काढला. हे मी दिवसातून किती वेळा करते देव जाणे. ते करताना हात तसाच थांबला. हवा वर जाते. सुई खाली धरून कितीही दाबलं तर औषध जाईल, बुडबुडा तिथेच राहील. उरलेल्या लसी टोचून संपवल्या आणि तशीच गमबुटांसकट गॅरेजवर गेले. चाक काढायला लावलं. हवा काढायचा निप्पल कॅलिपरच्या खालच्या टोकाला होता. दुसऱ्या बाजूलाही खालीच.

वंगण्यानं उकिडवं बसून पाहिलं. मग त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि जो हसत सुटला तो थांबेना. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. बोल्ट दोन्हीकडे जुळतात, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. तेल येत होतं, हवा वर दडून बसली होती. अदलाबदल केली, निप्पल वर आले, एकदाच हवा काढली. पेडल थोडं खाली जातं, तू म्हणालास तसं, आणि मग दगडासारखं घट्ट. दुसऱ्यांदा बसवायची मजुरी त्यानं घेतली नाही. म्हणाला, यापुढे अशी मोठी कामं आली की तुम्हालाच बोलवीन.

आता प्रश्न.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवत होते. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, डाव्या हातानं लांब धरलं आणि बघत राहिली. वाचत नव्हती, नुसती बघत होती. ओळी उजवीकडे उतरत गेल्या आहेत, आणि दोन ठिकाणी कागदाची कड संपली तरी शब्द संपलेला नाही. उरलेला टेबलावर लिहिला असशील. मी म्हटलं, टेबल डुगडुगतं म्हणतो. आई म्हणाली, “टेबल नाही. याला दिसत नाहीये.”

दादा, तुला दिसतंय का?

चिंगी


२९ नोव्हेंबर

चिंगे,

आईनं बरोबर ओळखलं.

उन्हाळ्यात बोटीबरोबर केंद्रावरच्या माणसांची तपासणी करायला डॉक्टर आले होते. त्यांनी सांगितलं, काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. दुखत नाही, म्हणून मला कळलंच नव्हतं. समोरचं स्पष्ट दिसतं. कडेचं जात चाललंय, नळीतून पाहावं तसं. कागदाची कड मला वळून शोधावी लागते. दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, ते मी वाऱ्यावर ढकलायचो. थेंब दिलेत, ते घालतो. गेलेलं परत येत नाही, असं म्हणाले. आणि म्हणाले की गाडी यापुढे चालवायची नाही. ते वाक्य त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं.

केंद्रावर सगळ्यांना माहीत आहे. आकडे माझा जोडीदार वाचतो, मी यंत्रं दुरुस्त करतो. दुरुस्तीला समोरचं दिसलं तरी पुरतं. इथे सवयीची वाट आहे, सवयीच्या पायऱ्या आहेत, म्हणून करार संपेपर्यंत, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, इथेच राहावं म्हणतो.

विक म्हणत होतो ते तुझ्यामुळे नव्हतं. घरी आलो की ती दारात उभी असेल, आणि मी तिच्या बाजूनं हात फिरवत चालत जाईन, मला ते नको होतं. एवढंच. तुला वाटलं असेल माझा तुझ्यावर विश्वास नाही. उलट, निप्पल खाली आहे हे तू सिरिंजवरून ओळखलंस ते मी दोनदा वाचलं. आणि मी स्वतः तुला घाबरू नकोस असं लिहून चुकीच्या पेडलवर समाधान मानायला लावत होतो. तू घाबरलीस ते फार बरं झालं.

सोबत गाडी तुझ्या नावावर करायचा कागद पाठवतो आहे. माझी सही केली आहे, चौकटीबाहेर गेली असेल. तुझी कर. मग ठेव किंवा विक, तुझी तू.

आता पॅड आणि डिस्क एकमेकांना लागायला हवेत, त्याशिवाय घाटात जाऊ नकोस. सपाट, रिकामा रस्ता बघ. गाडी चांगली वेगात ने आणि जोरात ब्रेक दाबून अगदी चालण्याच्या वेगापर्यंत आण, पण थांबवू नकोस. पुन्हा वेग, पुन्हा दाब. वास येईल, येऊ दे. असं आठ-दहा वेळा झालं की मग ब्रेकला हात न लावता लांबवर नुसती फिरव, निवू दे. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभी राहू नकोस. आणि घाट उतरताना ज्या गिअरनं चढलीस त्याच गिअरनं उतर. ब्रेक कितीही चांगले असले तरी.

मला बरं वाटतंय. तुम्ही दोघी काळजी करू नका.

दादा


१७ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र आईनं स्वतः वाचलं. तिचं प्लास्टर निघालंय. वाचून झाल्यावर घडी घातली, कपाट उघडून बाहेर जायची साडी काढली आणि विचारलं, डोळ्यांचा मोठा डॉक्टर कुठे असतो. मी म्हटलं, घाटापलीकडच्या शहरात, आणि वेळ फक्त सकाळची मिळते. बस दुपारी पोचते. ती म्हणाली, “मग गाडीनं जाऊ.”

तोपर्यंत तू सांगितलेलं सगळं मी केलं होतं. विमानतळाच्या धावपट्टीसारखा एक रस्ता आहे, कारखाना बंद पडल्यापासून तिथे कुणी येत नाही. वेग, दाब, वेग, दाब. वास आला, तो मला आता ओळखीचा आहे. पण पेडल जिथे होतं तिथेच राहिलं. मग घाट एकटी उतरले, रिकामी. मग मागच्या सीटवर खाद्याची पोती टाकून उतरले. मग सर्वांत वरच्या गावात त्याच बाईच्या घरी गेले, तिच्या दुसऱ्या गायीला बघायला. गाय नीट व्याली. त्या दिवशी तिनं मला चहा दिला आणि खूप बोलली.

आई पुढच्या सीटवर बसली. पट्टा लावला, पर्स मांडीवर घट्ट धरली. घाटमाथ्यावर मी विचारलं, थांबायचं का थोडं. म्हणाली, वेळ चुकेल. पलीकडचा उतार तुला माहीत आहे, आपल्या बाजूपेक्षा तीव्र. मी दुसऱ्या गिअरमध्येच होते. कड्याखालच्या वळणातून बाहेर आले तर रस्त्यावर ट्रक आडवा. त्याचं मागचं चाक गटारात, लाकडं रस्ताभर पसरलेली, आणि दोन माणसं पाठमोरी वाकून ती ओढताहेत. त्यांना आमचा आवाज गेला नसावा. मी ब्रेक दाबला. सगळी ताकद लावून दाबला.

दादा, गाडी पुढे वाकली आणि थांबली. सरळ रेषेत. त्या माणसांनी मागे वळून पाहिलं तेव्हा आम्ही उभ्या होतो, आणि त्यांच्या आणि आमच्या मध्ये अजून एक गाडी मावली असती. आईनं पर्सवरचा हात काढला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, “दिवे लाव. मागून कुणी येईल.” मग खाली उतरली आणि त्या दोघांना लाकडं कशी उचलावीत हे सांगायला लागली.

डॉक्टरांकडे वेळेत पोचलो. तुझ्या पत्रातलं सगळं आईनं त्यांना घडाघडा सांगितलं. त्यांनी न बघता खात्री द्यायला नकार दिला, ते मला आवडलं. म्हणाले, गेलेलं परत येणार नाही हे खरं, पण उरलेलं टिकवता येतं. थेंबांनी भागत नसेल तर छोटं ऑपरेशन करता येतं. मात्र उन्हाळ्यापर्यंत थांबणं म्हणजे रोज थोडं थोडं देऊन टाकणं. आईनं तिथेच पुढच्या महिन्याची वेळ घेतली, तुझ्या नावानं.

कागदावर मी सही केली आहे. गाडी माझी झाली, तेव्हा ती कुणाला आणायला कुठे जाईल ते मी ठरवणार. तू तुमच्या साहेबांना कळव आणि पुढच्या बोटीनं ये. करार वगैरे मला सांगू नकोस. मी धक्क्यावर उभी असेन. घाट उतरताना डोळे मिटून बस आणि फक्त ऐक. कुठे काही घासत असेल, ओढत असेल, तर ते माझ्याआधी तुला कळेल. तेवढं काम मला तुझ्याकडून हवंय, आणि ते बेटावर बसून होत नाही.

चिंगी


५ जानेवारी

चिंगे,

साहेबांनी कुरकुर न करता सोडलं. त्यांचे वडीलही याच दुखण्यानं गेले होते, म्हणजे जिवानं नव्हे, डोळ्यांनी, ते मला आजवर माहीत नव्हतं. हे पत्र माझ्या दोन दिवस आधी निघणाऱ्या मासळीच्या होडीनं येतंय. मी मोठ्या बोटीनं येतो. दोन बॅगा आहेत आणि हत्यारांची पेटी, ती जड आहे, तू उचलू नकोस.

डोळे मिटून बसेन. पहिल्यांदा बसून बघतो, जमतं का ते.

मी बोटीवरून उतरेन तेव्हा फळीपाशी माझ्या उजव्या हाताला उभी राहा, तिकडचं मला कमी दिसतं. हाक मारू नकोस, हात धर.

आणि एक काम आहे. घरी पोचलो की किल्ली काढून घे, गाडी दारात उभी असू दे, आणि मला पाच मिनिटं तुझ्या जागेवर बसू दे. कुठे जायचं नाहीये. मला ते पेडल एकदा माझ्या पायानं दाबून बघायचं आहे.

दादा